बटण दोनवर होतं

मैदानावरची मंडळी बाबांना ‘खांब’ म्हणतात. वर्षानुवर्षं ते एका वर्तमानपत्रासाठी खेळांचे फोटो काढतायत, हातभर लांब झूम लेन्स नुसत्या हातांनी पेलून. स्टँडचं नाव काढलं की त्यांचं डोकं फिरतं. त्यामुळे रविवारी संध्याकाळी ते लॅपटॉप मिटून जेवणाच्या टेबलाशी बसलेले दिसले, तेव्हा मला वाटलं, सामनाच रद्द झाला असेल.

“सगळे हललेत,” बाबा म्हणाले. “तिरंदाजीची फायनल, आणि छापण्याजोगा एक फोटो नाही. ऑफिसातून फोन आला होता. पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला पाठवतायत.”

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. “हात थरथरतात हे मी कधीची सांगतेय. उद्या सकाळची डॉक्टरांची वेळ घेतलीय. आता नाही म्हणू नका.”

बाबा नाही म्हणाले नाहीत. आई सांगते आणि बाबा निमूट ऐकतात, असं आमच्या घरात होत नाही. मला ते बघवेना.

आणि मग मला आठवलं. शनिवारी ती लेन्स माझ्याकडे होती.

लेन्सच्या कडेला थरथर सावरणारं एक बटण असतं. ते एकवर असलं की हात वरखाली हलो की आडवा, लेन्स आतल्या आत सांभाळून घेते. दोन नंबर पळत्या गोष्टींसाठी. सायकलवाल्याच्या मागोमाग कॅमेरा आडवा फिरवायचा असतो, तेव्हा लेन्सने मध्ये लुडबुड करू नये. तिने फक्त वरखालीचं बघावं, आडवं सोडून द्यावं. शनिवारच्या सायकल शर्यतीत मी बटण दोनवर केलं, मजेत फोटो काढले आणि लेन्स तशीच बॅगेत कोंबली. बाबा ते बटण कधीच तपासत नाहीत. लेन्स त्यांची, ती एकवरच असणार.

मी बॅग उघडली. बटण दोनवर होतं.

दुसऱ्याच्या हत्याराला हात लावला तर ते होतं तसं परत ठेवावं, हे बाबांनीच मला कान उपटून शिकवलेलं. माझ्या आळशीपणापायी तो माणूस आपल्या हातांना दोष देत बसला होता. मी लेन्स तशीच त्यांच्यासमोर नेऊन ठेवली आणि सगळं सांगून टाकलं.

बाबांनी बटण पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. “म्हणजे करून सवरून तू नामानिराळी, आणि मी इथे हातांवर खापर फोडतोय?”

“चुकलं, बाबा.”

“चुकलं म्हणे. कार्टी.” पण ते हसत होते. त्यांनी लगेच ऑफिसला फोन लावला, पोरीने घोळ घातला म्हणून सांगितलं आणि पुढचा सामना परत मिळवला. मग दवाखान्यात फोन करून उद्याची वेळ रद्द केली. त्यांना एवढं खूश बघून आईने परत घड्या घालायला घेतल्या. शिव्या खाऊन इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

“बघ तुझे प्रताप,” म्हणून बाबांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

पहिला फोटो मी मोठा करून पाहिला. एक मुलगी धनुष्य ताणून उभी होती. उभी दोरी पसरट, धूसर. ते ठीकच होतं. आडवं हललं की उभ्या रेघा फिसकटतात. मात्र बाण आडवा होता. लेन्स दोनवर असताना वरखालीची थरथर तिने धरायला हवी होती, म्हणजे बाणाची रेघ स्वच्छ यायला हवी होती. मला एकावर एक तीन बाण दिसत होते. मुलगी हलली असेल म्हणून मी मागच्या भिंतीवरचा आडवा पट्टा पाहिला. तोही तसाच.

मी दुसरा फोटो उघडला. तिसरा. सगळीकडे तेच. माझ्या चुकीने निम्मंच बिघडलं होतं. उरलेली हातांची थरथर लेन्सलाही आवरली नव्हती.

बाबा शीळ घालत लेन्स पुसत होते. फोटो ऑफिसने टाकून दिले होते, आता ते कोण उघडून बघणार होतं? मी लॅपटॉप मिटला असता तर सगळे सुखाने जेवलो असतो. तसं मिटावंसं वाटलंही, आणि त्याची मला बटणापेक्षा जास्त लाज वाटली. चूक कबूल करताना जीभ अडखळली नव्हती. ती कबुली परत घ्यायला तोंड उघडेना.

“काय गं, इतकं काय बघतेस?”

“बाबा,” मी म्हटलं, “बाणही हललाय.”

पुढचं समजवावं लागलं असतं तर बरं झालं असतं. बाबांनी लेन्स खाली ठेवली, खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले आणि तो फोटो बराच वेळ पाहत राहिले. मग आईला म्हणाले, “दवाखान्यात तूच फोन कर. मघाशी मी फार तोऱ्यात बोललो.”