भारलेली नळी

शिवणकारखान्याच्या जेवणघरात पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर नळीबाबा मांडी ठोकून बसला होता आणि त्याच्यापुढे त्याचा चेला गळा धरून गडबडा लोळत होता. ओठ निळे पडलेले. "घास अडकला, मेलो," असं तो ठणाणा ओरडत होता.

बाबाने रिफिल काढलेली पेनाची नळी त्याच्या गळ्याला टेकवली. शीळ वाजली आणि चेला ताडकन उठून बसला. ना जखम, ना रक्त. लोकांनी हात जोडले.

"ही नळी उशाशी असली की श्वास आपली वाट आपण शोधतो," बाबा म्हणाला आणि नळ्या वाटू लागला.

कारखान्याच्या नर्सबाईंना तिथेच पाणी मुरताना दिसलं. ज्याचा श्वास खरंच अडकतो, त्याच्या तोंडून 'मेलो' एवढंही फुटत नाही. हा पठ्ठ्या तर भाषण देत होता.

पण त्यांच्या धाकट्या जावेने, ती तिथेच कॉलर शिवायची, नळी कमरेला खोचलीसुद्धा. घरी सासऱ्यांना अर्धांगानंतर घासाघासाला ठसका लागायचा. "ताई, आता मामंजींना चमच्याने भरवत बसायला नको. आजपासून सगळ्यांसारखं ताट वाढते."

नर्सबाईंनी ओळखलं: आजच रात्री म्हातारा जिवाला मुकायचा. त्यांनी ओला कापूस घेतला आणि सरळ चेल्याचे ओठ पुसले. बोळा निळा झाला.

"हा तर आपला कापडावर खुणा करायचा खडू," जाऊ पुटपुटली.

"आता आ कर," नर्सबाई चेल्याला म्हणाल्या. गालातून लहान मुलांची शिट्टी निघाली. "आणि बाबा, तुम्ही नाक दाबून फक्त या नळीतून श्वास घेत जिना चढा."

"साधना भंगते," बाबा म्हणाला.

बाबाचा कैवारी असलेला कटिंगमास्तर तावातावाने पुढे झाला. दहाव्या पायरीवर नळी थुंकून तो धापा टाकत खाली बसला. "बाई, यातून मुंगीसुद्धा जगायची नाही." हशा पिकला आणि बाबा मागच्या दाराने पसार झाला.

"गळ्यात नळी घालतात, पण ती डॉक्टर घालतात, शिकलेल्या हाताने, त्याच कामाच्या नळीने," नर्सबाई म्हणाल्या. "आपण घास अडकलेल्या माणसाला पुढे वाकवायचं, खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच जोरदार थापा मारायच्या. दुसऱ्याने तेवढ्यात रुग्णवाहिका बोलवायची. त्यानेही नाही निघालं तर पोट कसं दाबायचं, ते उद्या जेवणाच्या सुट्टीत शिकवते."

संध्याकाळी जावेने नळीत नवी रिफिल घातली आणि त्याच पेनाने कागद लिहून सासऱ्यांच्या खाटेवर लावला: ताठ बसवणे. छोटा घास. पहिला गिळल्याशिवाय दुसरा नाही. मग चमचा हातात घेतला.

मामंजींनी कागद वाचला, घास गिळला. ठसका लागला नाही. मंडळी, पेन भारून कुणाचा जीव वाचत नाही. शंका आली तर ती तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर विचारा. त्याने मात्र वाचतो.