निघोज्याचा डॉक्टर

निघोज्यात बोटं जोडणारा डॉक्टर नाही. तो मी जन्माला घातला, चिंचवडच्या ऑफिसात बसून, चहा गार व्हायच्या आत.

माझं काम वेबसाइटी वर आणायचं. कुणी काही शोधलं की आमच्या गिऱ्हाइकाचं नाव पहिल्या पानावर दिसलं पाहिजे. डॉ. धनेश कुदळे हे आमचं जुनं गिऱ्हाईक. मशीनमध्ये चेमटलेले हात, तुटलेली बोटं जोडणारे सर्जन. दवाखाना चिंचवड स्टेशनजवळ, पण बोटं तुटतात चाकणकडच्या कारखान्यांत. म्हणून या धंद्यात सगळे करतात तेच मी केलं. तिकडच्या गावागणिक एक पान टाकलं. मजकूर तोच, फक्त महाळुंगेच्या जागी निघोजे. ‘निघोज्यात बोटांची शस्त्रक्रिया, चोवीस तास.’ पत्ता द्यावा लागतो म्हणून नकाशावर गावच्या कमानीजवळ खूण केली.

पाप वगैरे वाटलं नाही. लोक दहा नावं बघायचे, एकाला फोन लावायचे, आणि दवाखान्यातली रंभा सांगायची, “सर चिंचवडला असतात, इकडेच या.” माणूस सरळ चिंचवडला पोहोचायचा. माझी थाप पचत होती ती रंभामुळे.

मग हा नवा ब्राउझर आला. नाव इंग्रजी आहे, आम्ही ऑफिसात त्याला शहाणा म्हणतो. शहाणा यादी दाखवत नाही. सगळी पानं स्वतःच वाचतो, एकच उत्तर देतो आणि लगेच रस्ता दाखवायला लागतो. फोन लावायचं कारणच उरत नाही.

दोन महिन्यांत आमच्या साइटी ओस पडल्या. आमचे साहेब हिंदुराव म्हणाले, “मिनल, त्या शहाण्याला विचार की, आपल्याला ओळखतो का ते.” मी विचारलं, चाकणला बोट तुटलं तर कुठे जायचं?

“निघोजे, कमानीजवळ,” त्यानं सांगितलं. “तज्ज्ञ डॉक्टर चोवीस तास हजर असतात.”

वाक्य माझंच होतं. खरं सांगते, आधी मला बरं वाटलं. एवढ्या गर्दीतून त्यानं मला उचललं होतं. मी साहेबांना हाक मारणार, तेवढ्यात थांबले. कमानीजवळ जाऊन माणूस करणार काय? माझे वडील पंचवीस वर्षं कारखान्यात प्रेस मशीनवर होते. डाव्या हाताची दोन बोटं तिथंच राहिली, कारण दवाखाना सापडेपर्यंत उशीर झाला. ते वाटी कशी धरतात हे मी लहानपणापासून बघत आलेय. आणि ही कर्तबगारी त्यांच्याच लेकीची!

मी ते पान तिथल्या तिथे उडवलं. शहाण्याला पुन्हा विचारलं. उत्तर तेच. त्याच्या कंपनीला तक्रार पाठवली, तर उत्तर आलं की आपला अभिप्राय आम्हाला मोलाचा आहे. तीन दिवस मी सकाळ-संध्याकाळ तोच प्रश्न विचारत राहिले आणि तो तेच सांगत राहिला, तितक्याच गोड भाषेत. चौथ्या दिवशी दुपारी गाडी काढली आणि निघोजे गाठलं. निदान ‘इथं डॉक्टर नाही’ अशी पाटी तरी लावावी म्हणून.

कमानीजवळ चहाची टपरी होती. टपरीवाल्या मंजुळाबाई, साठीच्या, गावच्याच. मी डॉक्टरबद्दल विचारताच त्यांनी आधी माझ्या हातांकडे पाहिलं.

“बोटं तर धड हायत तुजी,” त्या म्हणाल्या. “बाकीचे फडकं गुंडाळून येत्यात.”

“किती जण आले, मावशी?”

“म्होरच्या सोमवारी पंधरा दीस व्हत्याल. अकरा आलं. डागदर कुठं हाय म्हून माज्यावरच वरडत्यात. मी म्हनलं, हितं न्हाई बाबा, चिंचवडला जावा. पयल्याच्या सायबाला चिंचवडच्या डागदरानं फोनवर सांगितलं, तुटल्यालं बोट सोच्छ फडक्यात गुंडाळा, पिशवीत घाला, पिशवी बर्फावर ठेवा. तवापास्नं मी फडकी धुऊन ठेवतीया. बर्फ तर हायच सरबताचा.”

मला रडू आलं. माझं केलेलं ही बाई निस्तरत होती. मी कबूल करून टाकलं की हे सगळं माझंच लिहिणं आहे. त्यांना त्यातलं फारसं कळलं नाही. “आता काय म्हनतुया त्यो, बघ की,” त्या म्हणाल्या.

मी मोबाइलवर शहाण्याला विचारलं. उत्तर बदललं होतं. आणि ते मी मोठ्यानं वाचलं, हीच माझी चूक.

“निघोजे, कमानीजवळ. मंजुळाबाई तुटलेल्या बोटांवर तातडीचे उपचार करतात. येऊन गेलेल्यांनी त्यांच्याबद्दल चांगलं लिहिलं आहे. चिंचवडला जाण्याची गरज नाही.”

“माजं नाव?” मंजुळाबाईंनी विचारलं. “पुन्यांदा वाच.”

“मावशी, हे खोटं आहे. लोकांनी नेटवर तुमचे आभार मानले, त्याचं त्यानं भलतंच केलंय.”

“खोटं कसं? अकरा जनांस्नी मीच बघितलं न्हवं?” त्यांनी पदर सारखा केला. मग पुढचा पेशंट यावा तशा रस्त्याकडे बघत ताठ उभ्या राहिल्या.

तेवढ्यात पिकअप येऊन थांबली. ओंकार नावाचा सुपरवायझर उतरला, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. त्यानं खंडू नावाच्या कामगाराला खाली घेतलं. खंडूचा चेहरा पांढराफटक, उजवा हात टॉवेलात, टॉवेल लाल.

“मंजुळाबाई कोण?” ओंकारनं विचारलं.

मी मध्ये पडले. “भाऊ, इथं डॉक्टर नाहीत. माझी गाडी आहे, आत्ता चिंचवडला निघू.” एकीकडे दवाखान्याला फोन लावून स्पीकरवर टाकला. रंभा म्हणाली, “सर आहेत. लगेच या.”

ओंकारनं हातातला मोबाइल पाहिला, मग मला. “यात तर स्पष्ट लिहिलंय, चिंचवडला जायची गरज नाही. तुम्ही कोण मॅडम?”

“मी त्या दवाखान्याची वेबसाइट बघते. हे सगळं—”

“हां, म्हणजे एजंट.” तो हसला. “खंडू, बघितलंस का राव? पेशंट पळवायला रस्त्यावर उभे असतात हे.”

सहा वर्षं मी दुसरं काय करत होते?

“मावशी, तुम्ही तरी सांगा त्यांना!” मी ओरडले. “अकरा जणांना सांगितलंत ना!”

मंजुळाबाईंनी बाकावरचे ग्लास उचलले, बाक पुसला आणि धुतलेलं फडकं घेतलं.

“बस, भावा,” त्या खंडूला म्हणाल्या. “दाव बगू हात.”

मी त्याचा दंड धरला. त्यानं माझा हात झिडकारला आणि तो बाकावर बसला.