आतला मेकॅनिक

शेलूबाजारात हायवेला लागूनच जगदेवचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. पुढे काउंटर, मागे पडदा, पडद्याआड एक टेबल आणि त्याच्या मागे घर. काउंटरवर जगदेव बसायचा. काच बदलणं, कव्हर लावणं, रिचार्ज मारणं, गिऱ्हाइकाशी गप्पा ठोकणं ही त्याची कामं. पण बोर्ड जळालेला किंवा विहिरीत पडलेला मोबाईल आला की तो म्हणायचा, "ठेवून जा, आतून करून ठेवतो."

आत त्याची बायको वर्षाराणी असायची. लग्नाआधी तिने वाशीमच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स केलं होतं. बाजारातल्या लोकांना वाटायचं, जगदेवने आत कोणी मेकॅनिक ठेवला आहे. वर्षाराणीला हे ठाऊक होतं. काम होत होतं, घर चालत होतं, म्हणून ती गप्प राहायची.

एक पेटी मात्र दुकानाच्या कामातली नव्हती.

अकोल्याचं एक म्युझिकचं दुकान बंद झालं, तेव्हा जगदेवने तिथला उरलासुरला माल पिकअपमध्ये टाकून आणला होता. चार्जर, वायरींचे गुंते, फाटके स्पीकर, सीड्यांनी भरलेली एक गोणी आणि एक काळी, जड पेटी. ती सीडी ट्रान्सपोर्ट होती. म्हणजे नुसती सीडी फिरवून वाचणारी. वाचलेलं ती वायरीतून दुसऱ्या डब्याकडे पाठवते आणि त्याचा आवाज तो डबा करतो. जगदेवने बटण दाबून पाहिलं, ट्रे जागचा हलला नाही.

"भंगारवाला आला का देऊन टाकजो," तो म्हणाला.

वर्षाराणीने पेटी उचलून पाहिली आणि वजनावरूनच ठरवलं, ही भंगारात द्यायची नाही. एवढा मोठा ट्रान्सफॉर्मर घालणाऱ्याने पेटी उगाच बनवली नसणार.

सोयाबीन काढणीचे दिवस होते. दुपारी बाजार ओस पडायचा, सगळे वावरात. त्या दुपारी तिने पेटी उघडली. ट्रे ओढणारा रबरी पट्टा ढिला पडून चिकट झाला होता. ग्रीस वाळून मेणासारखं घट्ट बसलं होतं. वीज साठवणारे कपॅसिटर डोक्यावर फुगले होते. आणि लेन्स, म्हणजे सीडी वाचणारा लेझरचा डोळा, पार आंधळा झाला होता. तिने नवी लेन्स मागवली, पट्टा बदलला, एकेक कपॅसिटर उपटून नवा लावला. पेटी सीडी वाचू लागली.

तिथे ती थांबली असती तरी चाललं असतं. पण सीडीवरचे आकडे एका ठरलेल्या तालात बाहेर जावे लागतात, आणि तो ताल धरणारा आतला क्रिस्टल जुना झाला होता. तिने त्याच्या जागी एक छोटा नवा बोर्ड बसवला. दुकानातल्या विजेची धडधड त्याच्यापर्यंत पोहोचू नये म्हणून त्याला वेगळा पुरवठा बांधून दिला. मागचं खिळखिळं सॉकेट काढून पक्कं लावलं. मग पेटी आकड्यांचा आवाज करणाऱ्या एका डब्यामार्फत आपल्या जुन्या अॅम्प्लिफायरला आणि भंगारातून नीट केलेल्या स्पीकरना जोडली.

"कायले डोकं लावून राह्यली?" जगदेव पडद्यातून डोकावून म्हणायचा. "आता सीडी कोन ऐकते?"

"मले ऐकाची हाये."

गोणीतून तिने हाताला लागली ती सीडी काढून घातली. सारंगी निघाली. गज तारेला टेकतो तेव्हाची बारीक खरखर आधी आली आणि मग सूर आला. वर्षाराणीच्या हातात स्क्रू ड्रायव्हर होता, तो तसाच राहिला. तिची सासू रंगूबाई लसूण सोलता सोलता, "कोनाच्या घरी कार्यक्रम हाये वो?" असं विचारत आत आली आणि सीडी संपेपर्यंत तिथेच बसून राहिली.

मग एका दुपारी बाबूसिंग आला. मंगरुळपीरचा रस्त्यांचा ठेकेदार. त्याने नुकताच बंगला बांधला होता आणि हॉलमध्ये पुरुषभर उंचीचे स्पीकर लावले होते. दुरुस्तीला टाकलेला मोबाईल घ्यायला आला आणि पडद्यामागची सारंगी ऐकून काउंटरवरच थबकला.

"हे काय वाजून राह्यलं?"

जगदेवने त्याला आत नेलं. वर्षाराणी स्वयंपाकघरात चहा गाळत होती, तिला सगळं ऐकू येत होतं.

"कोनी बनवली?" बाबूसिंगने विचारलं.

"मी," जगदेव म्हणाला. "भंगारातून उचलली पाहा. लेन्स नवी टाकली. तालाचा बोर्ड बदलला. त्याले वेगळा सप्लाय देल्ला, नाईतं आवाजात वीज घुसते."

हे तिचेच शब्द होते. ती काम करताना त्याला सांगायची, तेव्हा तो मोबाईलमध्ये बघत हूं हूं करायचा. म्हणजे ऐकत होता तर.

"मले पाह्यजे ही," बाबूसिंग म्हणाला.

"रविवारी गाडी घेऊन या. तुमचीच समजा."

वर्षाराणी चहा घेऊन बाहेर आली. बाबूसिंगने कप उचलला. "वहिनी, आमचा जगदेव लय हुशार मानूस हाये."

तिने जगदेवकडे पाहिलं. तो स्पीकरकडे पाहत होता.

बाबूसिंगची गाडी वळली तशी ती काउंटरपाशी आली.

"काहून खोटं बोलले?"

"खोटं काय त्याच्यात? तू काय अन मी काय, एकच."

"एकच हाये तं माहं नाव घेतलं असतं तरी चाललं असतं ना."

"बाईनं केली म्हटलं तं घेतली असती का त्यानं?"

"नसती घेतली. पेटी इकाची हे कोनी ठरवलं?"

"पेटी मी आनली."

"तुमी भंगार आनलं."

रंगूबाई मधे पडली. "जाऊ दे वो बाई. येवढ्याशा गोष्टीले काय धरून बसली?"

"येवढीशीच व्हती तं खरं बोलाले काय झालं व्हतं, आत्याबाई?"

जगदेव शटर अर्धं ओढून बाहेर निघून गेला.

तो सगळा आठवडा तिचा रागात गेला. सकाळी जाग आली की आधी तेच आठवायचं: "मी." मग त्याला जोडून मागचं सगळं यायचं. मेडशीच्या सरपंचाचा मोबाईल जिवंत झाला तेव्हा जगदेवच्या खांद्यावर शाल पडली होती. तिने ती घडी करून कपाटात ठेवली होती. "आतून करून ठेवतो" हे वाक्य इतकी वर्षं तिच्या कानावरून गेलं, आणि त्या वाक्यात आपण कुठेच नाही हे तिला आत्ता दिसत होतं. जगदेववर जेवढा राग होता, तेवढाच आपल्या गप्प राहण्यावर होता. तिने मोबाईल दुरुस्त केले, स्वयंपाक केला, पण त्याच्याशी कामापुरतंच बोलली. त्याला वाटलं, तिचा राग विझला.

रविवारी बाबूसिंग जीप घेऊन आला. वर्षाराणी पडद्याबाहेर काउंटरवर बसली होती. पुढ्यात जुनी चादर अंथरलेली, तिच्यावर पेटी, झाकण उघडं. सोल्डरिंग आयर्न तापलेलं.

"काय करून राह्यली?" जगदेवने दबक्या आवाजात विचारलं.

"तुमची पेटी तुमाले देऊन राह्यली. माहं सामान काढून घेऊन राह्यली."

तिने आधी लेन्सच्या पट्टीवर सोल्डरचा, म्हणजे वितळलेल्या कथलाचा, एक ठिपका टाकला. अंगातली वीज लागून लेझर मरू नये म्हणून कारखान्यातूनच लेन्स असा ठिपका लावून येते; जोडल्यावर तो काढायचा, सोडवायच्या आधी परत लावायचा. मग लेन्स सोडवली. तालाचा बोर्ड काढला. त्याचा पुरवठा काढला. मागचं सॉकेट काढलं. तिचे हात सफाईने चालत होते. इतकं चांगलं तिने आयुष्यात काही बनवलं नव्हतं, आणि ते ती आपल्याच हाताने मोडत होती. त्याचाही राग जगदेववरच येत होता.

"वहिनी, हे काय?" बाबूसिंग कंटाळून म्हणाला. "मी मंगरुळवरून आलो."

"तुमी यायले विचारलं व्हतं ना, कोनी बनवली म्हून? त्यायनं 'मी' म्हटलं. आता ते बनवतीन."

आंधळी लेन्स, खिळखिळं सॉकेट आणि जुना क्रिस्टल तिने एका पिशवीत जपून ठेवले होते. ती पिशवी तिने पेटीवर ठेवली. आपलं सामान स्टीलच्या डब्यात भरून ती आत गेली.

बाबूसिंग तिच्यावरच चिडला. "घरातले भांडनं घरात ठेवावं, जगदेव. मानसाले बोलावून तमाशा कायले?" जीप धूळ उडवत गेली. समोरच्या चहावाल्यासकट सगळ्यांनी पाहिलं होतं. संध्याकाळपर्यंत लोकांनी ठरवूनही टाकलं, की जगदेवची बायको डोक्यानं गरम आहे.

दुसऱ्या दिवशी ती मेडशीला बहिणीकडे गेली. परत आली तेव्हा जगदेव आतल्या टेबलावर बसलेला, पुढ्यात पेटी आणि तिचा स्टीलचा डबा.

"सगळं तर लावलं," तो म्हणाला. घामाने त्याचा शर्ट भिजला होता. "सीडी फिरतच नाई."

तिने वाकून पाहिलं. लेन्सच्या पट्टीवरचा ठिपका नव्हता.

"सोल्डर कवा काढलं?"

"पहिलेच काढलं. मंग वायर लावली."

लेझर मेला होता. त्याला जिवंत करणं आता तिच्याही हातात नव्हतं. ती ओरडेल म्हणून जगदेव खांदे आवळून बसला होता. ती ओरडली नाही. तिने डबा उचलला, सोल्डरिंग आयर्नची पिन काढली आणि म्हणाली, "आजपासून आतून काही होनार नाई."

तिने खरंच काम बंद केलं. काउंटरच्या खणात बंद मोबाईल साचू लागले. "उद्या या" म्हणून जगदेवची जीभ दुखली. काही जण मोबाईल परत घेऊन मालेगावला गेले. अखेर एका सकाळी तो मंगरुळपीरला जाऊन आला आणि दारातूनच म्हणाला, "बाबूसिंगले सांगून आलो."

"काय सांगतलं?"

"का बायको बी मदत करते म्हून."

"मदत," वर्षाराणी म्हणाली. हातातला तांब्या तिने इतक्या जोरात ठेवला, की पाणी भिंतीवर उडालं. "तुमी मले काम करताना पाह्यलं हाये. त्याच्यात तुमी काय केलं ते सांगा. एक सांगा."

रंगूबाई न्हाणीच्या दारात होती. ती लेकाकडे पाहत म्हणाली, "सांग ना रे. मले बी आयकू दे."

तो काउंटरवर जाऊन बसला.

त्यानंतर लवकरच जऊळक्याची रंजीता नावाची एक आशा सेविका आली. तिचा मोबाईल बंद पडला होता आणि गावातल्या गरोदर बायकांची सगळी माहिती त्यात होती. तिने काकुळतीला येऊन विचारलं, "भाऊ, तुमच्या आतल्या मेकॅनिकले आजच्या आज कराले लावा ना."

जगदेवने मोबाईल उलटसुलट केला. मग म्हणाला, "आत मेकॅनिक नाई. माही बायको हाये. बोर्डाचं काम पहिलेपासून तीच करते, माह्याच्यानं होत नाई. ती हो म्हनन तं होईन. तुमीच इचारा तिले."

पडद्याआड वर्षाराणीने ते ऐकलं. तिला हायसं वाटलं नाही. एवढंच वाक्य होतं, त्याला एवढी वर्षं लागली, आणि तिची लेन्स त्यात गेली, म्हणून राग उलट वर उसळून आला. पण ती उठली. पडदा बाजूला करून खिळ्याला अडकवला आणि रंजीताला म्हणाली, "आत या, बसा. कसा बंद पडला ते मले सांगा."

पडदा तिने पुन्हा लावला नाही.

नवी लेन्स यायला वेळ लागला. ती आली तशी तिने पेटी परत बांधली. बाबूसिंगने एकदा फोन करून विचारलं. जगदेवने फोन तिच्या हातात दिला. "इकाची नाई, भाऊ," तिने सांगितलं आणि फोन ठेवला.

त्या दुपारी पेटीवर पुन्हा सीडी लागली. काउंटरवर गिऱ्हाइकं होती, जगदेव कोणाची तरी काच बसवत होता. रंगूबाई वर्षाराणीच्या शेजारी येऊन बसली.

"गेला का राग?"

"नाई," वर्षाराणी म्हणाली. तिने पुढचा मोबाईल उघडला. "पन आता काम सुचते."