मांडीवर काटे घेतलेली खुर्ची

दोरीपलीकडून बोलतेय मी, रेशमी बैठकीची खुर्ची. या राजवाड्याचं संग्रहालय झाल्यापासून माझ्या मांडीवर एक सुकं काटेरी फळ ठेवलेलं असतं. ‘बसू नये’ ही पाटी वाचूनही लोक खुशाल बसतात, काटे पाहिले की बसत नाहीत.

सुताराने मला घडवलं ते इथल्या बाईसाहेबांसाठी. त्या नाकावर माशी बसू देत नसत. लेकीने मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हा माझ्यावर बसूनच त्यांनी तिच्याशी बोलणं तोडलं. पुढे आजारपणात मात्र रोज तिचं नाव घेत. तिला बोलवा म्हणायचं तेवढं राहिलं. त्या गेल्या आणि मुलाने राजवाडा माझ्यासकट संग्रहालयाला देऊन टाकला.

मग ती लेक आली, पांढऱ्या केसांची, तिकीट काढून. तिला एकदाच आईच्या जागी बसायचं होतं. दर आठवड्याला येऊन ती दालनाच्या रखवालदाराला विनवायची. तो नाही म्हणायचा, नोकरीचा प्रश्न होता. माझाही जीव टांगणीला लागायचा. माझा मागचा पाय किडीने आतून पोखरलाय, वरच्या पॉलिशमुळे कुणाला दिसत नाही. बसू नकोस गं बाई, हे मी सांगणार कसं?

एका दुपारी दालनात कुणी नव्हतं. रखवालदाराने दोरी सोडली, फळ उचलून खिशात टाकलं.

“बसा मावशी, पटकन.”

ती बसली. माझ्या हातांवरून हात फिरवत म्हणाली, “आई, आले गं.” तेवढ्यात माझा पाय कडकन मोडला आणि आम्ही दोघी जमिनीवर.

आवाज ऐकून संग्रहालयाचे साहेब धावत आले. फळ कुणी काढलं, विचारू लागले. रखवालदाराच्या तोंडचं पाणी पळालं. ती दुखरं मनगट दाबत म्हणाली, “मीच काढून फेकलं. हा तिकडच्या दालनात होता.”

खिशातले काटे त्याला टोचत असणार, पण त्याने खिशावर हात तसाच दाबून धरला.

तिला इथे कायमची बंदी झाली. माझा पाय जोडला गेला. रखवालदाराला फाटकावर नेमलं, माझ्या खिडकीतून तो दिसतो. काल ती आली होती. तिला अडवायचं काम त्याच्याच वाट्याला आलं. तो मान खाली घालून उभा होता, आणि तीच त्याच्या खांद्यावर थोपटत होती.

लोकहो, मी लाकूड आहे. मोडले तर मला पुन्हा जोडता येतं. तिला आत घ्या.