विहीणबाई बसल्यात

अहल्याकाकूंना टॅबलेटवरचा कॉल बंद करता येत नव्हता, अशी अफवा उज्जैनच्या माधव नगरात पुढे बरेच दिवस फिरत होती. ती साफ खोटी आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. काकूंना सगळं येत होतं. मंडळाच्या हॉलमध्ये भय्यासाहेब दर रविवारी म्हाताऱ्यांना टॅबलेट शिकवत, त्या वर्गात काकूंचा पहिला नंबर होता. हिरवं बटण दाबलं की बोलणं सुरू, लाल दाबलं की बंद, कॅमेऱ्यावर बोट ठेवायचं नाही आणि टॅबलेट कानाला लावायचा नाही. भय्यासाहेब बँकेतून रिटायर झालेले, त्यामुळे प्रत्येक गोष्ट तीनदा सांगत. काकूंना ती पहिल्यांदाच समजलेली असे.

शिकणं त्यांना भागच होतं. त्यांचे यजमान बक्षीकाका गेल्यापासून त्या घरात एकट्या. मुलगा अमोल पुण्याला, चौदाव्या मजल्यावर. त्याने टॅबलेट आणून दिला तो अट घालूनच.

"माई, रोज सकाळी आठ वाजता मला तुझं तोंड दिसलं पाहिजे. लागोपाठ दोन दिवस दिसलं नाही, तर मी येऊन तुला पुण्याला घेऊन जाणार. मग मी काही ऐकायचा नाही."

काकूंना पुण्याचं वावडं नव्हतं, त्या चौदाव्या मजल्याचं होतं. तिथल्या खिडकीतून खाली पाहिलं की माणसांचे फक्त टाळू दिसतात, आणि टाळूशी बोलायचं तरी काय? इथे फाटकात नुसतं उभं राहिलं तरी जाणारा-येणारा "काकीजी, कैसी हो" म्हटल्याशिवाय पुढे सरकत नसे. टॅबलेट जमला तर उज्जैन राहणार, नाही जमला तर जाणार, एवढी सरळ गोष्ट होती. काकूंनी तो जमवला. महिनाभर रोज सकाळी आठ वाजता वेणीफणी करून त्या पडद्यासमोर हजर असत.

आणि मग एका सोमवारी दुपारी अकोल्याहून कॉल आला.

अकोल्याला कुसुमताई राहत. अमोलची बायको सायली, तिच्या या आई, म्हणजे काकूंच्या विहीणबाई. त्याही एकट्याच. सायलीने आईला तसाच टॅबलेट घेऊन दिला होता.

"नमस्कार विहीणबाई! काय करून राहिल्या?" पडद्यावर आधी कपाळ आलं, मग कुसुमताई आल्या.

दहा मिनिटांत सगळं बोलून झालं. गुडघे झाले, यंदाचे गहू झाले, सायलीचं वाढलेलं वजन झालं. मग "बरं" म्हणून झालं, "आणखी काय विशेष" म्हणून झालं. आता बंद करायचं. पण करायचं कोणी?

कुसुमताई पडल्या मुलीकडच्या. मुलीच्या आईने मुलाच्या आईच्या तोंडावर कॉल बंद करायचा, हे त्यांच्या सात पिढ्यांत घडलं नव्हतं. सात पिढ्यांत टॅबलेटही नव्हते, पण ते सोडा. काकू मुलाकडच्या, म्हणजे त्यांना तसा हक्क होता. पण लग्नात काकूंच्या नणंदेने साडीच्या काठावरून जे तोंड वाजवलं होतं, त्याची उजळणी अकोल्यात अजून चालू होती. आपल्या हातून पुन्हा विहिणीचा मान कमी व्हायचा नाही, हे काकूंनी तेव्हाच ठरवलेलं. शिवाय घरात बसलेल्या पाहुणीला "उठा आता" कोण म्हणतं? तिकडे कुसुमताईंच्या मते काकूच त्यांच्या घरी येऊन बसल्या होत्या. दोघी यजमान आणि दोघी पाहुण्या, मग उठणार कोण?

"चहा टाकते," काकू म्हणाल्या.

"मीही टाकते," कुसुमताई म्हणाल्या.

चहा झाला. मेथी निवडून झाली. दिवेलागण झाली तेव्हा कुसुमताईंनी तिकडे हात जोडले, काकूंनी इकडे. टॅबलेटची बॅटरी उतरायला लागली तसा दोघींनी चार्जर लावला, कारण पाहुणीला अंधारात कसं बसवायचं? जेवणाच्या वेळी काकूंनी टॅबलेट पाटावर ठेवून समोर पान मांडलं. झोपताना शेजारच्या उशीवर ठेवला आणि पडद्यावर चादर घालावी की नाही, याचा थोडा विचार केला. उकाडा होता म्हणून घातली नाही.

मंगळवारी सकाळी आठ वाजता अमोलचा कॉल आला. टॅबलेटने विचारलं, चालू असलेला कॉल बंद करून हा घ्यायचा का? काकूंचं बोट पडद्यावर थांबलं. समोर कुसुमताई दात घासत होत्या.

"कोणाचा आहे?" त्यांनी विचारलं.

"अमोलचा. राहू द्या हो, घरचाच आहे," काकूंनी त्याला नकार दिला.

लगेच त्यांचा जुना, बटणांचा मोबाइल वाजला.

"माई, कॉल का कापलास? बरी आहेस न?"

"एकदम बरी. अरे, विहीणबाई बसल्यात, नंतर बोलते."

"कोण बसल्यात?"

"तुझ्या सासूबाई. काल दुपारी आल्या. रात्री झोपल्या पण छान. आता दात घासून राहिल्यात." आणि पाहुणीसमोर फार वेळ फोनवर बोलणं बरं दिसत नाही, म्हणून काकूंनी मोबाइल ठेवला.

पुण्यात अमोल घामाने डबडबला. त्याने सायलीला सांगितलं, सायलीने अकोल्याला मोबाइल लावला. कुसुमताई म्हणाल्या, "बाई, मी तुझ्या सासरी आहे उज्जैनला, मग कर." पुण्याच्या घरात त्या दिवशी स्वयंपाक झाला नाही म्हणतात. एकदम दोघी आया हातच्या गेल्यावर कोणाला घास उतरेल?

दुपारी अमोलने भय्यासाहेबांना पिटाळलं. भय्यासाहेब आले, त्यांनी टॅबलेट पाहिला आणि कपाळाला हात लावला. वर्गाची अब्रू जायची वेळ होती.

"काकू, लाल बटन दाबा न, बात खतम!"

"हळू बोला, त्या ऐकून राहिल्यात."

"मग चार्जर काढा. आपोआप बंद पडेल, कोणाला बोल नाही."

"म्हणजे पाहुणीच्या पानातलं वाढलेलं उचलू?"

भय्यासाहेबांनी मग बँकेचं डोकं लढवलं. एक, दोन, तीन म्हटलं की दोघींनी एकाच वेळी लाल बटण दाबायचं. कोणी आधी नाही, कोणी नंतर नाही. दोघींना ते एकदम पसंत पडलं. दोघींनी बोटं वर केली. भय्यासाहेबांनी "तीन" म्हटलं. माधव नगरातलं बोट तिथेच राहिलं आणि अकोल्यातलंही.

"दाबलं नाही तुम्ही, विहीणबाई?"

"म्हटलं, आधी तुमचं होऊ द्यावं."

"पुन्हा एकदा घेऊ," भय्यासाहेब म्हणाले. त्यांनी पुष्कळदा घेतलं. शेवटी घसा बसला तेव्हा कुसुमताईच म्हणाल्या, "भाऊ, उभ्याउभ्या काय बोलून राहिले? बसा की." भय्यासाहेब बसले, ते अकोल्याच्या ठेच्याची कृती ऐकून संध्याकाळी उठले. जाताना "येतो, दोघींना नमस्कार" म्हणाले आणि रस्त्यावर आल्यावर स्वतःवरच चिडले. वर्गाची अब्रू राखायला त्यांनी अमोलला "काकू ठीक आहेत" एवढंच कळवलं.

बुधवारी आठ वाजताही अमोलला नकार गेला. दोन दिवस भरले. मोबाइलवर तो एवढंच म्हणाला, "माई, गाडीत बसतोय. बॅग भरून ठेव."

एक लाल बटण दाबलं असतं तर घर वाचलं असतं. काकूंनी बोट पुढे नेलंही. समोर कुसुमताई चष्मा लावून काकूंनी समोर ठेवलेल्या जुन्या स्वेटरचा टाका समजून घेत होत्या. तेवढ्यात मान वर न करताच त्या म्हणाल्या, "विहीणबाई, खरं सांगू? हे गेल्यापासून मी ओट्याजवळ उभ्यानेच जेवत होती. तुमच्यासमोर परवापासून पान मांडून राहिली."

काकूंनी बोट मागे घेतलं. त्याही उभ्यानेच जेवत होत्या, आणि ते कोणाला सांगण्यासारखं आहे हेच त्यांना आजवर वाटलं नव्हतं. त्यांना फार रडू आलं. मग त्यांनी माळ्यावरून बॅग काढली आणि कुसुमताईंना विचारूनच एकेक साडी भरायला घेतली.

गुरुवारी सकाळी अमोल स्टेशनवरून थेट घरी आला. आईसाठी डोक्याचा कुठला डॉक्टर बरा, हे तो रस्ताभर रिक्षावाल्याला विचारत आला होता. दारात भरलेली बॅग. आत पोह्यांच्या दोन बशा मांडलेल्या, एक आईपुढे आणि एक टॅबलेटपुढे. टॅबलेटमधल्या बाईने त्याला पाहिलं आणि झटकन डोक्यावर पदर घेतला.

"अगं बाई, जावईबापू आले!"

अमोल खुर्चीत कोसळला. आधी हसला, मग भडकला. "माई, हे काय चालवलंय? मी पुण्याहून येऊन राहिलो, सायली रडून राहिली, आणि तुम्ही... एक बटन दाबायचं होतं!"

"ते मला येतं बेटा. पण मी दाबलं तर यांचा मान जातो, यांनी दाबलं तर माझा." मग काकूंच्या डोक्यात एकदम उजेड पडला. "तू दाब! तू जावई. जावयाचं कोणाला वाईट वाटत नाही."

"हो न, जावईबापूंनीच दाबावं," कुसुमताई म्हणाल्या. "खूप बसली मी. येते हं, विहीणबाई."

"यायचं बरं का पुन्हा," काकू म्हणाल्या.

अमोलने पुढे होऊन लाल बटण दाबलं. सोमवारपासून कोणाला जमलं नव्हतं ते घडलं, आणि पडदा काळा झाला.

काकू काळ्या पडद्याकडे बघत बसल्या. मग त्यांनी टॅबलेटपुढची बशी उचलली, त्यातले पोहे परत कढईत घातले, आपलीही बशी उचलली आणि ओट्याजवळ जाऊन उभ्यानेच खायला लागल्या. अमोल पाहत राहिला. आई उभ्याने खाते, हे त्याला आठच्या कॉलमध्ये कधी दिसलं नव्हतं. तिथे फक्त तोंड दिसायचं.

"माई, तू रोज अशीच खातेस?"

"निघायचंय न बेटा. बॅग तयार आहे," काकू पाठमोऱ्याच म्हणाल्या.

अमोल उठला, बॅग उचलली आणि स्टुलावर चढून तशीच भरलेली माळ्यावर सारली. खाली उतरून त्याने अकोल्याला कॉल लावला. कुसुमताई बहुधा टॅबलेटसमोरच बसल्या होत्या, कारण रिंग पुरती वाजलीच नाही.

"आई, माझ्याकडून चुकून कट झाला," जावई म्हणाला. "तुम्ही बसा."

काकू कढईतले पोहे पुन्हा बशीत काढून पाटाशी येऊन बसल्या.

"आणि माई, ऐक. रोज सकाळी आठला मी कॉल करणारच. लाइन व्यस्त मिळाली की समजेन, ठीक चाललंय."

"आणि लागला तर?"

"लागला तर त्याच दिवशी गाडीत बसीन," अमोल म्हणाला आणि स्वतःसाठी बशी आणायला आत गेला.