पुसलेला नऊ

मित्रांनो, आधीच तोंड वाकडं करू नका. मी दगडाची पाटी आहे, एका कोपऱ्याने फुटलेली. माझ्यावर खिळ्याने नऊचा आकडा कोरलेला आहे, म्हणून आता मला कुणी विकत घेणार नाही. मलाही कुठं जायचं नाही. तो आकडा माझ्या अंगावर कसा आला, तेवढं ऐका.

मला खाणीतून काढलं, पातळ चिरलं, घासघास घासलं आणि चार लाकडी पट्ट्यांत बसवलं. कराडच्या बाजारात आप्पासोंनी मला सहा आण्यांना घेतलं, तेही घासाघीस करून. ते पलटणीत कारकून होते, पेन्शन घेऊन मलकापूरला परतले होते. तेव्हा महायुद्ध चालू होतं. गावातल्या बारा घरचे पुरुष लढाईवर होते आणि त्यांच्या मनिऑर्डरी यायच्या. आप्पासोंनी त्या बारा घरांचे नऊशे रुपये दोन खेपांत एकत्र केले, सांगलीत हळद घेतली आणि हरिपूरच्या पेवात भरली. पेव म्हणजे जमिनीखालची खोल कोठी. एकदा तोंड लिंपलं की माल विकायच्या दिवसापर्यंत ते उघडायचं नाही, अशी तिथली रीत. त्यामुळे आत काय चाललंय हे कुणालाच दिसत नाही.

आप्पासो हिशेबात हुशार होते, हे मी कबूल करते. सहाशे रुपये दोन वर्षं गुंतलेले, तीनशे एकच वर्ष. कुणाचा रुपया किती महिने अडकला ते धरूनच नफ्याचा दर काढायचा, ही कटमिती त्यांना तोंडपाठ होती. सगळ्यांना सारखाच नफा वाटणाऱ्यांना ते हसायचे.

चव्वेचाळीसच्या चैत्रात हरणाबाई आल्या. त्यांचा नवरा नाथाजी लढाईवर होता. त्यांचे शंभर रुपये पहिल्या दिवसापासून गुंतलेले. सोबत आठ वर्षांची अंजना होती. तिच्या दोन्ही डोळ्यांवर वडस, म्हणजे बुबुळाकडे सरकणारा मांसाचा पडदा, चढत होतं. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की एका डोळ्याचे सत्तर लागतील, दोन्हींचे एकशे चाळीस, आणि वाढ बाहुलीवर चढायच्या आत आलं पाहिजे.

"आप्पा, माझं शंभर द्या," हरणाबाई म्हणाल्या. "एक डोळा तरी करून घेते पोरीचा."

"देतो की. मी माझ्या पदरचं देतो. पर आधी दर तर बघ."

त्यांनी मला मांडीवर घेतलं. पेवातल्या हळदीची आजच्या बाजारभावाने किंमत धरली, अकराशे सत्तर. महिन्यांचा हिशेब लावला. दर आला वर्षाला शेकडा अठरा. मग खाली त्यांनी पेवाचं भाडं, हमाली, अडत आणि स्वतःचा हिस्सा मांडला. एकशे पस्तीस झाले. ते वजा करून पुन्हा दर काढला. तो आला नऊ.

आप्पासोंनी त्या नऊच्या आकड्याकडे पाहिलं. मग ओलं फडकं घेऊन त्यांनी खालचं सगळं पुसलं आणि वरचा अठरा तेवढा ठेवला. ही लबाडी नव्हती मित्रांनो, मी शपथेवर सांगते. अठरा म्हणताना त्यांची छाती फुगायची. खर्च काय, शेवटी वजा करू, तोवर भाव चढेल, असं त्यांना खरंच वाटायचं. पण मला बोलता येत नाही. ओलं फडकं फिरलं की माझं पोट रिकामं.

"शेकडा अठरा हाय बग," ते म्हणाले. "दिवाळीला तुझं अडीच वर्साचं एकशे पंचेचाळीस व्हत्यात. दोन्ही डोळं व्हतील."

हरणाबाईंना वाचता येत नव्हतं. त्या अंजनाकडे बघत राहिल्या. एक डोळा आज, की दोन डोळे दिवाळीला? नऊचा दर कळला असता तर दिवाळीला एकशे बावीसच होतात हेही कळलं असतं, आणि त्या त्याच दिवशी शंभर घेऊन मिरजेला गेल्या असत्या.

"मग ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या आणि पोरीला घेऊन घरी गेल्या.

दिवाळीला पेव उघडलं. आतली हवा विषारी आहे का ते बघायला रीतीप्रमाणे आधी दिवा आत सोडला, तो विझला. दुसऱ्या दिवशी विझला नाही, मग हमाल उतरले. पावसाळ्यात नदीचं पाणी कुठून तरी आत झिरपलं होतं. तळची हळद काळी पडली होती. ती उकिरड्यावर गेली. उरलेली विकून, खर्च वजा जाऊन, हरणाबाईंच्या वाट्याला साठ रुपये आले. एका डोळ्याचेही पुरते नाहीत. आप्पासोंनी खिशातले दहा घातले आणि स्वतः त्यांना मिरजेला नेलं. डॉक्टरांनी डोळे पाहिले आणि उशीर झाला एवढंच सांगितलं.

परत आल्यावर आप्पासोंनी खिळा घेतला आणि माझ्यावर नऊ कोरला. मला फार दुखलं, पण मी एका शब्दाने तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन हरणाबाईंच्या दारात उभे राहिले.

"ह्यो आकडा त्या दिशी म्या पुसला व्हता. तुला सांगाय पायजे व्हता."

हरणाबाईंनी त्यांना बसायला घोंगडं टाकलं. पाणी दिलं. मग म्हणाल्या, "तुमी मला दोन डोळं दावलंसा, आप्पा. मी एकच मागाय आले व्हते."

आप्पासो मला तिथंच ठेवून गेले. पुन्हा त्यांनी कुणाचं भांडवल हाती धरलं नाही.

मित्रांनो, मोठे झालात की तुम्हीही कुणाला तरी आकडे दाखवाल. ज्याला वाचता येत नाही त्याला खालचा आकडाही वाचून दाखवा, एवढंच माझं मागणं. मी आता हरणाबाईंच्या कोनाड्यात असते. दुपारी घरात कुणी नसलं की अंजना चाचपडत येते, मला मांडीवर घेते आणि त्या खाचेतून बोट फिरवते. तिला येणारा आकडा हा एवढाच आहे.