हुं कोण देणार?

हेमांगीचा एकच नियम होता आणि तो मोडणाऱ्याची ती गय करत नसे: गोष्ट सुरू झाली की सगळ्यांचे माइक बंद. दर शनिवारी संध्याकाळी सात वाजता ठाण्यातल्या आपल्या घरातून ती ऑनलाइन 'सांजगोष्ट' भरवायची. चाळीसेक माणसं मोबाइल-लॅपटॉपवर जमायची आणि एकजण गोष्ट सांगायचा. पहिल्याच वर्षी एका काकांनी माइक चालू ठेवून बायकोशी वांग्यांवरून भांडण केलं, तेव्हापासून बाई कडक झाल्या. तिच्या हातात म्यूटचं बटण म्हणजे हेडबाईंच्या हातात छडी. या शिस्तीचा तिला अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर जरा जास्तच होता.

त्या शिस्तीनेच आंबिवलीच्या रखमाबाईंची गोष्ट अर्ध्यात मारली.

रखमाबाई पंचाहत्तरीच्या. त्यांची सून सोनल हेमांगीच्या वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात कामाला होती. 'आमच्या आईंना शंभर गोष्टी येतात,' असं सोनल वर्षभर सांगत होती आणि वर्षभर आई नाही म्हणत होत्या. शेवटी एकदाच्या त्या फोनसमोर बसल्या. खाडीकाठच्या एका सुनेची गोष्ट होती. सासूने तिला 'मिठाशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही' असं बजावून बाहेर काढलं, सून कमरेएवढ्या पाण्यात उतरली आणि रखमाबाई थांबल्या.

"हाय का कोन?"

"आहेत ना आजी, सगळे ऐकतायत. सांगा तुम्ही," हेमांगी म्हणाली.

आणखी दोन वाक्यं झाली. पडद्यावर एकेचाळीस चेहरे, सगळे चिडीचूप. "मी काय भिताडाशी बोलू?" असं म्हणून रखमाबाई उठल्याच. गोष्टीतली सून बिचारी पाण्यात ती पाण्यातच राहिली.

सोमवारी डबा खाताना सोनलने उलगडा केला. "मॅडम, गोष्ट सांगताना कोणीतरी हुं द्यावं लागतं, प्रत्येक वाक्याला. हुं आलं नाही तर आईंची गोष्ट पुढे सरकतच नाही. पन्नास वर्षं बाबा द्यायचे."

बाबा म्हणजे सहदेव, रखमाबाईंचे यजमान. ते दोन वर्षांपूर्वी गेले आणि त्यांच्यामागे रखमाबाईंनी कोणालाच गोष्ट सांगितली नव्हती. त्या शनिवारी पहिल्यांदा धीर केला, तर समोर हेमांगीने सगळ्यांची तोंडं बंद करून ठेवलेली. हेमांगीने डबा मिटला. तिला स्वतःचीच लाज वाटली आणि मग ती हट्टाला पेटली. ती गोष्ट पुरी करून घ्यायचीच, तीही रखमाबाईंच्याच तोंडून.

"सगळे माइक उघडे?" डोंबिवलीच्या मंदाकिनीबाई फोनवर किंचाळल्या. त्या निवृत्त शिक्षिका, सांजगोष्टीचं रेकॉर्डिंग सांभाळायच्या. "अगं, कुकरच्या शिट्ट्या, टीव्ही, कुत्री! रेकॉर्डिंगची पार माती होईल."

"होऊ दे माती. मला गोष्ट हवीय."

इकडे रखमाबाईंनी सोनलकडून 'नको' असा निरोप धाडला. फोनवर नाही म्हणणं सोपं असतं, दारात आलेल्या माणसाला म्हणणं अवघड. हेमांगी रविवारी सकाळी थेट आंबिवलीला पोचली. रखमाबाई भिजवलेले वाल सोलत बसल्या होत्या. हेमांगीही न विचारता समोर बसून सोलायला लागली.

"तुमी लोकांची तोंडं शिवता," रखमाबाई म्हणाल्या.

"शिवली होती. चूक माझी. शनिवारी सगळी उघडते."

"आनि हुं कोन देनार?"

"सगळे देतील. कोणी नाही दिलं तर मी एकटी देईन."

टोपातले वाल संपले. मग रखमाबाईंनी हात पुसले. "सात म्हंजे सातलाच लाव," त्या म्हणाल्या.

शनिवारी हेमांगीने सुरुवातीलाच दम भरला, "आज जो गप्प बसेल त्याला बाहेर काढीन." आणि स्वतःच्या हाताने एकूण एक माइक उघडला.

"एक व्हती सून," रखमाबाईंनी पहिल्यापासून धरलं.

शांतता. मग कल्याणहून एक हुं आलं, त्यामागे ठाण्याचं, मग कुकरची शिट्टी, आणि रखमाबाई पुढचं वाक्य बोलत असताना टिटवाळ्याचं. पुढच्या वाक्याला तेच, त्याच्याही पुढच्याला तेच. नेट रडत होतं. रखमाबाई थांबल्या. हेमांगी घाईघाईने सारवासारव करू लागली.

"आजी, ते नेटमुळे जरा उशिरा पोचतंय, म्हणजे सगळे देतायत, पण..."

रखमाबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. "आमचं म्हातारं आसंच व्हतं गं! डुलकी लागायची. मी ढोसलं का मंग हुं. गोस्टीतला राजा मरून जायचा तरी ह्यांचं हुं मागंच."

मग त्या थांबल्याच नाहीत. खाडीने सुनेच्या ओटीत मीठ घातलं आणि बदल्यात वचन घेतलं, की रोज येऊन माझ्याशी दोन शब्द बोलशील. सून म्हातारी होईतो जात राहिली. एकेचाळीस घरांतून हुं येत राहिलं, मागेपुढे, अडखळत. मंदाकिनीबाईंचं तर सगळ्यांत मोठं. हेमांगीनेही एकही हुं चुकवलं नाही.

"सरली गोस्ट," रखमाबाई म्हणाल्या.

सगळे गप्प झाले. आणि कुठून तरी, कोणाचं ते कळलं नाही, मागे राहिलेलं एक हुं येऊन पोचलं.

रखमाबाईंनी फोनकडे पाहिलं नाही. शेजारच्या रिकाम्या चटईवर हात ठेवून त्या हळूच म्हणाल्या, "सरली वो. निजा आता."